वीसपैकी सतरा

गेल्या जूनमधल्या एका सकाळी आमच्या घरात एक आकडा अवतरला. तो असा: ९१.३४७८२१५.

मी चष्मा शोधून, पुसून, लावून तो पाहिला तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी फोन नंबर आहे आणि मधलं टिंब शाईचं आहे. तो निघाला नातीच्या सीईटीचा निकाल. सौ.नं स्वयंपाकघरातून विचारलं, "किती पडले?" मी आकडा मोठ्यानं वाचायला घेतला. पाचव्या दशांशस्थळापर्यंत पोचलो तोवर तिचं लक्ष उतू चाललेल्या दुधाकडे गेलं होतं. "एवढं लांबलचक आहे म्हणजे चांगलेच असतील," असा निर्णय देऊन तिनं गॅस बंद केला.

आता जळगावच्या माणसाला दशांशाचं भय वाटायला नको. आमच्या सराफ बाजारात सोनं तोलतात तेव्हा काचेच्या पेटीतला काटा हलू नये म्हणून डोक्यावरचा पंखा बंद करतात, आणि मग ग्रॅमच्या पुढे तीन स्थळं वाचून दाखवतात. तिसऱ्या स्थळावर आमच्या सौ.नं अर्धा अर्धा तास घासाघीस केलेली मी पाहिली आहे. पण सोन्याला तीन आणि नातीला सात! मी तिला म्हटलं, "बाळ, तू सोन्याहून मोलाची हे आजोबा नेहमीच म्हणायचे. आता सरकारनंही लेखी दिलं."

"आजोबा, ते मार्क नाहीत. पर्सेंटाइल आहे," ती म्हणाली. तेहतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला शोभेल अशा गांभीर्यानं मी मान हलवली आणि आत जाऊन पंखा लावला.

वाचकहो, ज्यांच्या घरात बारावीचं मूल नाही त्या सुखी जीवांसाठी थोडक्यात सांगतो. ही सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. संगणक थोडे आणि मुलं फार, म्हणून ती अनेक दिवस, सकाळ-दुपार अशा पाळ्यांनी चालते. प्रत्येक पाळीला प्रश्नपत्रिका निराळी. एखादी सोपी निघते, एखादी घाम काढते. मग सोप्या पाळीतले दीडशे मोठे की अवघड पाळीतले एकशे तीस? या तंट्यावर तोड अशी काढली आहे, की गुण बाजूला ठेवायचे आणि एवढंच मोजायचं, की तुझ्या पाळीत शंभरातले किती जण तुझ्याइतके किंवा तुझ्याहून खाली आहेत. म्हणजे तुम्ही किती चढलात याला महत्त्व नाही, तुमच्या खाली किती उभे आहेत याला आहे. आमच्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीचंही तत्त्व जवळपास असंच आहे.

यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. सोमवारी सकाळची मुलं आणि गुरुवारी दुपारची मुलं सरासरीनं सारखीच हुशार. मुलं हजारोंनी असली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी पाळ्यांत वाटली गेली तर हे धरणं मुळीच वावगं नाही. पण सौ.चा आक्षेप निराळा होता. नात दुपारच्या पाळीत होती, गाव जळगाव होतं आणि दिवस उन्हाळ्याचे होते. सकाळच्या पाळीची मुलं घरी येऊन पन्हं पिऊन पंख्याखाली पडली तेव्हा आमची पोर डोक्याला ओढणी गुंडाळून परीक्षा केंद्राच्या फाटकाशी उभी. "त्याच पाळीत नाशिकची मुलं गार वाऱ्यात बसली असतील. हिच्या उन्हाचे किती धरले?" सौ.नं विचारलं. मी तिला समजावलं, की या गणितात पेपरच्या काठिण्याची दुरुस्ती आहे, भुसावळकडून येणाऱ्या झळांची नाही. "मग कसलं गणित!" ती म्हणाली. गणिताविषयी तिचं हे मत आमच्या लग्नापासून स्थिर आहे.

सात स्थळं कशाला, तर दोघांचा आकडा सारखा येऊ नये म्हणून. मी दुपारभर हिशेब केला. शंभराचे सात स्थळांपर्यंत तुकडे केले तर शंभर कोटी पायऱ्या होतात. परीक्षेला बसणारी मुलं काही लाख. एवढा जिना बांधूनही दोन मुलं एकाच पायरीवर येतातच, आणि मग खरी गंमत सुरू होते. २०२० साली वैद्यकीयच्या नीट परीक्षेत दोन मुलांना ७२० पैकी ७२० पडले. पैकीच्या पैकी! देशात पहिला नंबर मात्र एकालाच द्यायचा होता. तेव्हाच्या नियमांत शेवटी वय पाहत, वयानं मोठा असेल तो वर. म्हणून एक पहिला आला आणि दुसरी दुसरी. २०२१ साली वयाचा हा नियम काढून टाकला. पण त्या मुलीला काय सांगायचं? अभ्यासात काही कमी नव्हतं, बाळ, फक्त जन्माला यायला जरा उशीर केलास? हे सौ.ला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात नवल काय? थोरल्या जाऊबाईंचा मान म्हणतात तो हाच."

वयाचं एक, गावाचं दुसरं. वैद्यकीय प्रवेशांत सत्तर-तीसचा एक हिशेब होता, तोही २०२० मध्येच गेला. सत्तर टक्के जागा आपापल्या विभागातल्या मुलांना, तीस टक्के सगळ्या राज्याला. विभाग तीन: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. आम्ही खानदेशी लोक तिसऱ्यात. मुंबई-पुण्याबरोबर बसायला मिळालं याचा आनंद मानावा, तर नाव 'उर्वरित'. म्हणजे पंगत उठल्यावर पातेल्यात राहतं ते. आणि पंगतीत शेजारी कोण, तर पुण्याचा क्लासवाला. पानात वाढलेलं सारखं. पण त्याला जेवायची सवय होती.

या सगळ्या दुरुस्त्यांमागचा हेतू चांगला असतो, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. गुण दुरुस्त करावे लागतात, कारण गुण देणारे हात सारखे नसतात. एका मंडळाचा ऐंशी आणि दुसऱ्या मंडळाचा ऐंशी हे सख्खे भाऊ सोडाच, भाऊबंदसुद्धा नसतात. २०१३ ते २०१६ अशी चार वर्षं जेईई मेनच्या गुणवत्ता क्रमांकात बारावीला चाळीस टक्के वजन होतं. आता देशभरातल्या इतक्या मंडळांचे गुण एका मापात आणायचे कसे? तर तुमच्या मंडळात शंभरातले किती जण तुमच्या मागे उभे आहेत ते पाहायचं, आणि जेईईमध्ये ज्याच्या मागे तेवढेच उभे आहेत त्याचे गुण तुम्हाला लावायचे. त्यातही देशातला एक आणि तुमच्या मंडळातला एक असे दोघे शोधून दोघांची सरासरी. म्हणजे वर्षभर रात्री जागून मिळवलेले तुमचे स्वतःचे गुण जायचे आणि कधी न पाहिलेल्या दोन इसमांचे गुण तुमच्या अंगावर चढवले जायचे. मापात बसायचे, पण कपडे दुसऱ्याचे. २०१७ पासून ते वजन काढलं. मग २०२१ साली तर करोनामुळे बारावीची परीक्षाच झाली नाही. दहावीचे तीस टक्के, अकरावीचे तीस, बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे चाळीस असं पंचामृत करून निकाल लावला, आणि राज्यात ९९.६३ टक्के मुलं पास झाली. उरलेल्या ०.३७ टक्क्यांनी नेमकं काय केलं असेल या विचारानं मला त्या रात्री झोप आली नव्हती.

झोप न येण्याचं दुसरंही एक कारण आहे आणि खरं म्हणजे ते सांगण्यासाठीच मी इतका वेळ पंखा, पन्हं आणि पंगत करतो आहे.

मी तेव्हा धुळ्याला होतो. गल्ल्यांना नावांऐवजी नंबर देणारं ते गाव पदार्थविज्ञानाच्या माणसाला मानवतं. १९९४ सालचा फेब्रुवारी, बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा. त्या काळी सीईटी नव्हती. बारावीचे गुण हेच सगळं. पेपर ऐंशी गुणांचा आणि प्रात्यक्षिक वीस गुणांचं. पेपर कुठं तपासला जाणार ते देव जाणे, पण वीस गुण मात्र आमच्या हातात. एक परीक्षक घरचा, एक बाहेरचा. बाहेरच्या परीक्षकासाठी वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, तो दमदार असेल तर शेवभाजी. फेब्रुवारीत भरीताची वांगी चांगली मिळतात, हा योगायोग नसून शिक्षणखात्याची दूरदृष्टी असावी असं आमचे एक सहकारी म्हणत. भरीत झाल्यावर परीक्षक हात पुसत विचारायचे, "मग काय, एकोणीस-वीस करून टाकू?" सगळीकडे हेच. जिल्ह्यात हेच, शेजारच्या जिल्ह्यात हेच, आणि बाकीच्या राज्यातही काही निराळं चालत असल्याचं ऐकिवात नव्हतं.

मी मात्र तत्त्वाचा. म्हणजे तशी माझी समजूत होती. माझ्या प्रयोगशाळेत बारापासून सतरापर्यंत गुण पडत. अठरा मी न्यूटनसाठी राखून ठेवले होते.

त्या दिवशी साधा लंबक होता. दोऱ्याला गोळा टांगायचा, झोके मोजायचे, घड्याळ लावून वेळ घ्यायचा आणि त्यावरून पृथ्वीचं गुरुत्वीय त्वरण काढायचं. पुस्तकात उत्तर ९८० दिलेलं असतं. त्यामुळे वर्गातल्या झाडून सगळ्या मुलांचं उत्तर ९८० यायचं. पोरं आधी शेवटी ९८० लिहीत आणि मग उलटा हिशेब करून निरीक्षणं भरत. (खरं म्हणजे धुळ्याच्या अक्षांशावर ते ९८० नसतंच, ९७९ च्याही जरा आत असतं. म्हणजे सगळा वर्ग मिळून खोटं बोलत होता आणि तेही दुसऱ्याच गावचं.) एका मुलाचं उत्तर मात्र ९६२ आलं. त्याला विचारलं, "इतकं कमी कसं?" तो म्हणाला, "माहीत नाही सर. तीनदा मोजलं. तेवढंच येतं." खाडाखोड नाही, रबर नाही. त्याचे वडील जिनिंगमध्ये हमाल होते. मी त्याला सतरा दिले. वर्गात सर्वांत जास्त. बाकीच्या ९८० वाल्यांना चौदा आणि पंधरा. बाहेरचे परीक्षक म्हणाले, "सर, पोरांचं नुकसान होईल हो. बाकी सगळीकडे वीस पडतात." मी त्यांना दहा मिनिटं सत्य या विषयावर ऐकवलं. त्यांना शिरपूरची एस.टी. पकडायची होती, त्यांनी सही केली.

जूनमध्ये निकाल लागला, पुढे वैद्यकीयची यादी लागली. तो मुलगा दोन गुणांनी राहिला.

त्याचे वडील माझ्याकडे आले. भांडायला नाही. दारात चप्पल काढून उभे राहिले आणि हळूच विचारलं, "सर, मना आंडोरले तीन मार्क कमी का बरं?" मी त्यांना सांगितलं, की तुमच्या मुलाला सगळ्या वर्गात जास्त दिलेत. ते खूश झाले. खरोखरच खूश झाले. म्हणाले, मग ठीक. आणि गेले. त्या माणसाला एवढं कळत नव्हतं, की माझ्या वर्गातला सर्वांत वरचा हा बाकीच्या राज्यातल्या सर्वांत खालच्याच्याही खाली होता. मला कळत होतं.

त्या रात्री मला आमच्या गावाकडचा कापूस आठवला. मी लहान असताना वडील बैलगाडीतून कापूस घेऊन बाजाराला जात, मी वर बसून. कापसावर रात्री पाणी शिंपडलं की वजन वाढतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. व्यापाऱ्यालाही माहीत होतं. म्हणून तो सरसकट सगळ्यांच्याच वजनात ओलाव्याची कपात धरायचा. आता ज्यानं पाणी शिंपडलं त्याचं काही बिघडत नव्हतं. जेवढं चढवलं तेवढं उतरलं. मरायचा कोरडा कापूस आणणारा. वडील कोरडा आणत. दोन-तीन हंगाम त्यांनी व्यापाऱ्याशी वाद घातला. व्यापारी म्हणायचा, "तुमचा कोरडा आहे हे मला मान्य. पण मी एकेक गाडी हुंगत बसू का?" व्यापारीही चूक नव्हता. पुढच्या हंगामात वडिलांनी काय केलं ते मी कधी विचारलं नाही. त्या वर्षी पहाटे निघताना गाडीच्या चाकाशी एक रिकामी घागर आडवी पडलेली होती, एवढं आठवतं.

मी मास्तर होतो, शेतकरी नव्हतो. कोरडेपणाचा मान माझा आणि कपात त्या पोराला. वडिलांचं नुकसान झालं ते त्यांच्या स्वतःच्या कापसाचं होतं. मी दुसऱ्याच्या गाडीतला कापूस कोरडा ठेवून मिशीला पीळ देत होतो. यावर तुम्ही म्हणाल, की सगळेच असा विचार करायला लागले तर सगळेच वीस देतील. अहो, देतच होते!

पुढच्या वर्षी मी सगळ्यांना एकोणीस दिले. एक गुण सदसद्विवेकबुद्धीसाठी मागे ठेवला. माझी सगळी नीतिमत्ता त्या एका गुणात मावली होती, आणि वीस पोरांच्या बॅचकडून ती वसूल केली जात होती. त्याच्या पुढच्या वर्षी तोही सोडला. बाहेरचे परीक्षक भरीत खाता खाता म्हणाले, "सर आता माणसांत आले." मी त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

मध्यंतरी भाचीचा सिडनीहून फोन आला. आता फोनवर तोंडही दिसतं, त्यामुळे जांभई देता येत नाही. तिच्या मुलीची बारावी होती. गंमत म्हणजे तिकडे न्यू साउथ वेल्समध्येही तिला एच.एस.सी.च म्हणतात. मी सहज विचारलं, तुमच्याकडे शाळेच्या हातातल्या गुणांचं काय करतात? ती म्हणाली, निम्मे गुण शाळेच्या वर्षभराच्या कामाचे आणि निम्मे शेवटच्या परीक्षेचे. पण शाळेनं दिलेले गुण जसेच्या तसे घेतच नाहीत. शाळेकडून खरं तर एवढंच घेतात, की वर्गात पहिला कोण, दुसरा कोण आणि मधलं अंतर किती. मग त्याच वर्गानं बाहेरच्या परीक्षेत काय दिवे लावले ते पाहून शाळेचे गुण वर-खाली सरकवतात. वर्गाची सरासरी परीक्षेतल्या सरासरीला जुळवतात आणि शाळेतल्या पहिल्याला, परीक्षेत त्या वर्गात सर्वांत जास्त जे पडले असतील तेवढे देतात. मास्तर उदार असो की कंजूष, आकडा त्याच्या हातात राहतच नाही. क्रम मात्र त्याचाच राहतो.

"पुन्हा सांग," मी म्हटलं.

तिनं पुन्हा सांगितलं. वर हेही सांगितलं, की त्यानंतर विषयाविषयांची आणखी एक जुळवणी होते. एखादा विषय घेणारी मुलं बाकीच्या विषयांत किती हुशार आहेत त्यावर त्या विषयाचं वजन ठरतं, आणि सगळ्याचा मिळून क्रमांक निघतो, ज्याचं टोक ९९.९५. शंभर कुणालाच नाही. न्यूटनसाठी राखून ठेवणारे तिकडेही आहेत हे ऐकून जरा बरं वाटलं. पण माझं मन मागेच अडकलं होतं. शाळेतल्या पहिल्याला परीक्षेतले सर्वांत वरचे. म्हणजे माझे ते सतरा तिथं सतरा राहिलेच नसते. मी चौदा ते सतरा दिले काय किंवा दुसऱ्यानं एकोणीस ते वीस दिले काय, त्या पोराला त्याचं देणं मिळालं असतं, आणि मला माझं सत्य फुकटात सांभाळता आलं असतं.

मी भाचीला तिथल्या पद्धतीत खोट काढून दाखवली. म्हटलं, सबंध वर्ग परीक्षेत ढेपाळला तर एकट्या पोरीचे शाळेचे गुण बुडणार. ती म्हणाली, "हो मामा, म्हणून तिकडची हुशार मुलं शेजारच्याला शिकवतात. सगळ्यांचा स्वार्थ." मी म्हटलं, आणि मास्तरनं वर्गातला क्रमच चुकीचा लावला तर? तेव्हा ती जरा थांबली. म्हणाली, "त्याला इलाज नाही. एवढा विश्वास कुठंतरी ठेवायलाच लागतो ना." मग पलीकडे कुणीतरी दार वाजवलं आणि तिचं तोंड गेलं.

आमच्याकडे या सगळ्यावर क्रम ठरवणारं विद्यापीठ आहे, त्याला २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव आहे. जन्मात एका परीक्षेला न बसलेल्या बाईचं नाव हजारो मुलांच्या गुणपत्रिकांवर छापलं जातं. नाव ठेवणाऱ्यांना यात काही सुचवायचं होतं की नाही ते माहीत नाही, पण असोद्याची ती बाई आमची नात किती दशांश स्थळांची आहे हे विचारत बसली नसती एवढं मी पैजेवर सांगतो.

आता गेल्या जानेवारीतली गोष्ट. रविवारी सकाळी दारात एक गृहस्थ. कानाशी केस पांढरे, हातात केळ्यांची फणी. "ओळखलं का सर?" मास्तरांना हा प्रश्न आयुष्यभर छळतो आणि त्याचं उत्तर नेहमी "हो, हो, ये ये" असंच असतं. बसल्यावर म्हणाला, "साधा लंबक." मग ओळखलं. सौ.नं चहा टाकला.

बी.एस्सी. केलं, म्हणाला. आता चोपड्याला खतं-बियाण्यांचं दुकान आहे, दोन माणसं कामाला आहेत, वडील वारले. डॉक्टरकीचा विषय त्यानं काढला नाही. मीही काढला नाही. थोडा वेळ आम्ही दोघं कापसाच्या भावाविषयी बोललो, ज्यात मला काही कळत नाही. मग तो मुद्द्यावर आला. धाकटा मुलगा बारावीला आहे, जळगावलाच. जेईईचा अभ्यास करतो. पण तिकडे नुसता क्रमांक येऊन भागत नाही, बारावीला पंच्याहत्तर टक्के लागतात, नाहीतर मंडळातल्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. पोराचं भाषेत जरा कच्चं आहे. "सर, तिथं पदार्थविज्ञानाला जे आहेत ते तुमचेच विद्यार्थी ना? प्रात्यक्षिकाचं जरा... म्हणजे तुमचा एक शब्द..."

हे बोलताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, चहाच्या कपाकडे पाहत होता. सौ. माझ्याकडे पाहत होती.

मी आयुष्यात कुणाच्या गुणांसाठी शब्द टाकला नव्हता. वाढवून द्यायला शिकलो होतो, पण ते सरसकट. एकट्यासाठी कधी नाही. आणि जगात एकच माणूस असा होता, की ज्याला नाही म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. मी फोन उचलला. त्याच्या समोरच लावला. पलीकडून माझा जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, नाव सांगू नका उगीच. आता प्रात्यक्षिक तीस गुणांचं असतं. आम्ही सगळ्यांनाच तीस देतो. आलं नाही तरी बोलावून देतो."

मी फोन ठेवला आणि त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग बरं झालं." मीही म्हटलं, "बरं झालं." सौ.नं केळी आत नेली.

जाताना चपला घालता घालता तो थांबला. "सर, ते ९६२ का आलं होतं, तुमच्या लक्षात आलं होतं का तेव्हा?"

मी म्हटलं, "नाही. घड्याळ बिघडलेलं असेल."

"घड्याळ चांगलं होतं सर. मी पुढे कॉलेजात असताना पुन्हा केला तो प्रयोग. मी दोरी गाठीपर्यंत मोजली होती. गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायला हवी. त्रिज्या मिळवायची राहिली होती." आणि हसला. "म्हणजे तीन मार्क बरोबर कापले तुम्ही."

तो गेल्यावर मी नातीच्या निकालाचा कागद पालथा घातला आणि पेन्सिल घेतली. आमचे लंबक साठ सेंटिमीटरचे असत, गोळे साधारण एक सेंटिमीटर त्रिज्येचे. ९६२ ला साठनं भागून एकसष्टनं गुणलं. ९७८ आलं. मी ते दोनदा करून पाहिलं. धुळ्याचंच होतं.

सौ.नं आतून विचारलं, "काय करताय?"

"काही नाही," मी म्हटलं, "मार्क मोजतोय."